लढाईचे चित्रपट आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने आपल्या आवडीच्या विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. आजवर कुणी लोणच्यांवर बोलल्या, कुणी गुडघेदुखीवर, आणि गेल्या वर्षी भिशीचा हिशोब कसा ठेवावा हे एकीने फार छान समजावून सांगितले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषय विचारला. मी म्हटले, "लढाईचे चित्रपट." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी थट्टाच करते आहे. पण मी अगदी मनापासून सांगत होते.

मी काही विदुषी नव्हे. सातवी झाली आणि शाळा सुटली. तेव्हा दिग्दर्शन, छायाचित्रण असल्या गोष्टींवर मी बोलणार नाही. तो माझा प्रांत नव्हे. पण आमच्या घरी टीव्ही एक आणि पाहणारी माणसे चार. त्यांत यजमान आणि दोन्ही मुलगे यांना लढाईचे चित्रपट भारी प्रिय. मग भाजी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता मीही ते पाहत आले. वीस-बावीस वर्षे पाहिल्यावर काही तरी कळू लागतेच. पोळी मोडताच जसे आपल्याला पीठ जुने की ताजे ते समजते, तसे आता पहिल्या पाव तासात मला समजते, की हा चित्रपट बसून पाहावा की उठून कुकर लावावा.

युद्धाच्या कथा रम्य असतात, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. रम्य कुणाला? दूर बसून ऐकणाऱ्याला. ज्या घरचे माणूस तिकडे गेले आहे, त्या घराला नव्हे. हे विसरून काढलेले चित्रपट पुष्कळ आहेत. हे ध्यानात ठेवून काढलेले थोडे आहेत, आणि त्यांतले काही आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहेत.

लढाईचे चित्रपट आपल्या मराठी माणसाला मुळीच नवे नाहीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' काढला तो १९२३ साली, म्हणजे पडद्यावरची माणसे बोलतही नव्हती तेव्हा. पुढे भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) असे बोलपट दिले. आपल्या आज्यांनी ते जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिले. आणि २०२२ साली दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' आला, तेव्हा मॉलमधल्या गुबगुबीत खुर्च्यांत बसून आपण पाहिला. आपल्यापैकी दहा-बारा जणी मिळून गेलो होतो, आठवते ना?

आता पाहा, पावनखिंडीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. १६६० सालचा जुलै, पन्हाळ्याचा वेढा, धो धो पाऊस, राजांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद आणि खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. शेवट काय होणार हे ठाऊक असूनही आपण श्वास रोखून बसलो होतो. असे का व्हावे? मला वाटते, तिथे लढाई कशासाठी चालली आहे ते आपल्याला पुरते माहीत असते. राजे विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरायची, एवढेच बाजीप्रभूंचे काम. गडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत त्यांना मरायलाही सवड नाही. तेव्हा ही झाली माझी पहिली कसोटी: लढाई कशासाठी ते कळले पाहिजे. नुसता तलवारींचा खणखणाट आणि गोळ्यांचा धडाका असेल, तर दिवाळीत मानपाड्याच्या रस्त्यावर तो फुकट ऐकायला मिळतो.

दुसरी कसोटी अशी, की शिपायाचे काम आणि शिपायाचे हाल खरे दिसले पाहिजेत. यासाठी चेतन आनंद यांचा 'हकीकत' पाहावा. हा चित्रपट १९६४ सालचा, काळ्या-पांढऱ्या रंगातला. १९६२ साली चीनने केलेल्या आक्रमणात लडाखच्या बर्फात आपल्या जवानांचे काय झाले, त्याची ही गोष्ट आहे. बलराज साहनी, जयंत, धर्मेंद्र यांची त्यात कामे आहेत, आणि संगीत मदनमोहन यांचे. बहुतेक चित्रपट विजयाचे असतात. हा माघारीचा आहे. गोळ्या संपत आलेल्या, थंडी हाडात शिरलेली, समोर शत्रू संख्येने किती तरी अधिक, आणि मागे फिरायचे तर वाट लांबची. जवान बसून घरच्या पत्रांच्या आठवणी काढतात, तो भाग पाहताना तर माझा हात भाजीवरून उठून डोळ्यांकडे जातो. लढाई होऊन दोन वर्षे झाली नव्हती झाली तोच आपला पराभव आपल्याच पडद्यावर इतक्या सरळपणे दाखवायचा, याला धीर लागतो. घरात वाईट घडले की आपण ते झाकून ठेवतो. ते उघडे करून, सर्वांनी मिळून रडून मोकळे होण्यातही एक शहाणपण आहे, हे मला त्या चित्रपटाने दाखवले.

तिसरा चित्रपट आपल्या सोलापूरच्या माणसाचा आहे, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. व्ही. शांताराम यांनी तो १९४६ साली काढला आणि डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली. त्यांच्या चिनी पत्नीचे काम जयश्रीबाईंनी केले आहे. चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून घेतलेला आहे, पण मूळ हकीगत खरीच. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे तरुण डॉक्टर. जपानने चीनवर हल्ला केला, तेव्हा जखमींच्या मदतीसाठी १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते गेले. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी आली, तरी हातातले काम टाकून ते परतले नाहीत. तिथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलगा झाला, आणि त्याच वर्षी, म्हणजे ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी ते तिकडेच वारले. वय अवघे बत्तीस. पाचांपैकी चार डॉक्टर घरी आले. सोलापूरच्या आईचा मुलगा तेवढा आला नाही.

या चित्रपटातला नायक कुणालाही मारत नाही. तो जखमा शिवतो. रात्र रात्र जागतो. शूर माणूस म्हणजे बंदूकवालाच असे आपल्या पोरांना वाटते. त्यांना हा चित्रपट जरूर दाखवावा. शेवटी डॉक्टरांची पत्नी तान्हे मूल घेऊन सोलापूरच्या घरी येते. परक्या देशातली सून दारात उभी आणि आत मुलाला गमावलेली सासू. मी तो प्रसंग तीनदा पाहिला आहे. कुणी तोफ डागलेली नाही, पण लढाई म्हणजे काय ते त्या उंबरठ्यावर जितके कळते, तितके मोठमोठ्या स्फोटांतून कळत नाही. म्हणून माझी तिसरी कसोटी: चित्रपटाने रणांगणाबरोबर घरही दाखवले पाहिजे.

घराचे म्हणाल तर दोन परदेशी चित्रपटांबद्दल सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पहिला अमेरिकेचा, 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन', १९९८ सालचा. आमच्या घरी तो सुरुवातीच्या भयंकर लढाईसाठी पाहतात. माझे लक्ष पुढच्या एका लहानशा प्रसंगावर असते. एक म्हातारी आई स्वयंपाकघरात भांडी धुते आहे. खिडकीतून तिला दूरवर धुरळा उडवीत येणारी मोटार दिसते. ती हात पुसत बाहेर येते. मोटारीतून सैन्याचा अधिकारी उतरतो आणि मागून धर्मगुरू उतरतो. त्यासरशी तिच्या पायांतले त्राण जाते आणि ती तिथेच पायरीवर खाली बसते. तिचे तीन मुलगे गेल्याची बातमी एकाच दिवशी आलेली आहे. त्या बाईला एकही वाक्य दिलेले नाही. पण भांडी घासणाऱ्या बाईला ते वाक्य कशाला हवे? आपण सर्वजणी रोज त्याच खिडकीशी उभ्या असतो.

दुसरा रशियाचा, 'बॅलड ऑफ अ सोल्जर', १९५९ सालचा. हा माझ्या भाच्याने मोबाइलवर लावून दिला आणि शेजारी बसून अर्थ सांगितला. अल्योशा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरसवदा शिपाई घाबरत घाबरत शत्रूचे दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती त्याला पदक देऊ करतो. तो म्हणतो, पदक नको, मला घरी जाऊ द्या. आईचे पत्र आले आहे, घराचे छप्पर गळते आहे. सेनापती हसून सहा दिवसांची रजा देतो: दोन दिवस जायला, दोन यायला आणि दोन छपरासाठी. माझे माहेर कोकणातले. पावसाआधी घर शाकारणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. घरात पुरुषमाणूस नसेल तर त्या कामावाचून बाईची कशी परवड होते, तेही ठाऊक आहे. तेव्हा तिथेच माझा जीव त्या पोरात अडकला.

पण वाटेत त्याला माणसे भेटत जातात. कुणी पाय गमावलेला जवान, बायकोपुढे कसा जाऊ म्हणून स्टेशनावरच अडून बसलेला. कुणाचा निरोप, कुणाची साबणाची वडी पोचवायची. हा पोरगा कुणालाही नाही म्हणत नाही. गाड्या चुकतात, बाँब पडतात, दिवस संपत जातात. गावी पोचतो तेव्हा त्याच्याजवळ फक्त काही क्षण उरलेले असतात. आई शेतातून धावत येते, त्याला मिठी मारते, आणि तो परत फिरतो. छप्पर तसेच राहते. तो पुन्हा कधी येणार नाही, हे चित्रपटाने आपल्याला आरंभीच सांगून ठेवलेले आहे. भगिनींनो, साऱ्या चित्रपटात लढाई दहा मिनिटांची असेल. तरीही याच्याइतका खरा लढाईचा चित्रपट मी पाहिलेला नाही.

चौथी कसोटी थोडी वेगळी आहे. जो परत आला त्याचे पुढे काय झाले? आपण सर्वांनी पाहिलेला 'बॉर्डर' घ्या. जे. पी. दत्तांनी तो १९९७ साली काढला. १९७१ च्या डिसेंबरातली ४ आणि ५ तारखेच्या दरम्यानची रात्र. राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे १२० जवान शत्रूच्या रणगाड्यांना पहाटेपर्यंत थोपवून धरतात, आणि उजाडल्यावर आपली विमाने येतात. चित्रपट चांगलाच आहे. त्यातल्या बायका, त्यांची पत्रे, वाट पाहणे, सारे मनाला भिडते. आणि एवढा विजय झाल्यावर अखेरचे गाणे शांततेचे आहे, हेही मला फार आवडले.

पण त्यात सुनील शेट्टीने केलेला भैरोसिंग आठवतो? चित्रपटात तो धारातीर्थी पडतो आणि आपण पदर डोळ्यांना लावतो. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलाचे जवान होते. ते त्या लढाईतून जिवंत परतले, त्यांना सेना पदक मिळाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. म्हणजे आपण त्यांच्यासाठी रडलो, त्यानंतर पंचवीस वर्षे ते राजस्थानात होते! चित्रपटवाल्यांना मेलेला वीर अधिक सोयीचा वाटतो. तो बोलत नाही, म्हातारा होत नाही, औषधपाणी मागत नाही. घरच्यांना मात्र परतलेलाच हवा असतो, मग तो लंगडत का येईना.

लंगडत आलेल्या माणसाची गोष्टही आपल्याच महाराष्ट्रातली आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५ च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून पाण्यात उतरले ते पोहण्यातच रमले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढची कित्येक वर्षे त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि २०२४ साली कबीर खान यांनी 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट काढला. त्यात लढाई थोडी आणि लढाईनंतरचे जगणे फार. म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

आता या साऱ्याचा मला एवढा घोर का, ते सांगते. आमचा धाकटा यंदा बारावीला आहे. २०१९ साली 'उरी' आला तेव्हा तो लहान होता. तो चित्रपट त्याने किती वेळा पाहिला याची गणती नाही. तेव्हापासून सैन्यात जायचे हे त्याच्या डोक्यात बसले आहे. रोज पहाटे पाचला उठून टिकुजिनीवाडीच्या रस्त्याने येऊरच्या डोंगराकडे धावायला जातो. २०२२ साली सुरू झालेल्या योजनेत अग्निवीर म्हणून चार वर्षे घेतात आणि त्यांतल्या चौथ्या हिश्शापर्यंत मुलांना पुढे ठेवतात, हे सारे त्याला पाठ आहे. यजमान म्हणतात, जाऊ दे. माझी सासू म्हणते, मुळीच नको. आणि दोघेही माझ्या तोंडाकडे पाहतात.

त्याला 'नको' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. देशाच्या रक्षणाला कुणाचा तरी मुलगा जाणारच. तो नेहमी दुसरीचाच असावा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? 'जा' म्हणायलाही छाती होत नाही. मग मी ठरवले, की ज्या चित्रपटांनी त्याला वेड लावले, त्यांचीच बाकीची बाजू त्याला दाखवायची. रविवारी रात्री जेवणे झाली की आम्ही दोघे बसतो. 'हकीकत' पाहिला, 'डॉ. कोटणीस' पाहिला. 'विजेता' पाहिला. तो १९८२ सालचा, गोविंद निहलानींचा. त्यात शशी कपूर आणि रेखा यांचा मुलगा विमानदलात जातो. आईबापांचे पटत नाही, मुलगा बावरलेला, आणि तरी तो हळूहळू शिकून आपल्या पायांवर उभा राहतो. विमान चालवणारा एका दिवसात तयार होत नाही, हे त्यात फार चांगले दाखवले आहे.

'उरी'ही त्याच्याबरोबर पुन्हा पाहिला. त्याला रात्रीचा हल्ला आवडतो. मी त्याला वडिलांच्या शवपेटीपुढे उभी राहून पलटणीची आरोळी देणारी ती लहान मुलगी पाहायला लावली. म्हटले, "हेही याच चित्रपटात आहे, बाळा." तो काही बोलला नाही. अल्योशाचा चित्रपट संपल्यावर मात्र बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "आई, त्याने पदक घ्यायला हवं होतं का गं?" मी म्हटले, "तू काय घेतलं असतंस?" त्याने अजून उत्तर दिलेले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीप्रमाणे धावायला गेला, आणि मी नेहमीप्रमाणे उठून चहा ठेवला. तो जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पण गेला तर गाण्याच्या भरात जाऊ नये, डोळे उघडे ठेवून जावे, एवढी माझी इच्छा आहे. आणि तसा गेला, तर मी त्याला ओवाळून पाठवीन.

अजून काही घरांचे चित्रपट माझ्या पाहण्यात आलेले नाहीत. ते निघावेत असे वाटते. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे बाविसाव्या वर्षी, १९४४ साली इटलीत लढताना गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात पडले. त्या एकेका घरात काय झाले असेल? आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मिरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरात शहीद झाले. त्यांच्या पत्नी कनिकाताई खडतर शिक्षण घेऊन २०२० साली स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. त्याआधी साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली गेले आणि स्वातीताई महाडिक २०१७ साली अधिकारी झाल्या. त्यांना पदरी दोन लहान मुले होती. या बायकांनी दुःख गिळून कंबर कसली, तो एकेक दिवस कुणी तरी पडद्यावर दाखवावा. तो चित्रपट पाहायला आपण तिकीट काढून जाऊ.

तोवर माझी मंडळाला एक विनंती आहे. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी आपल्या या सभागृहात असा एक चित्रपट लावावा. मुलांना, विशेषतः मोठ्या मुलांना आणि मुलींना, बरोबर आणावे. चित्रपट संपला की लगेच दिवे लावून घरी पळू नये. अर्धा तास बसून बोलावे, आणि आधी मुलांना बोलू द्यावे. आरंभ 'डॉ. कोटणीस'ने करावा असे मला सुचते. चहाची जबाबदारी पहिल्या वेळी माझी.

 

जय हिंद, जय महाराष्ट्र.